कोरी पट्टी

प्रिय बडबडे,

अक्षर ओळखून तू हे पाकीट बाजूला टाकशील, म्हणून आधीच सांगते, भांडायला लिहीत नाहीये. तुझ्याशी मनातल्या मनात इतक्यांदा भांडून झालंय की आता त्यात काही राम उरलेला नाही.

सध्या मी ताईकडे असते. परवा शेगडीवर दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं आणि मी तिथेच बसून पेपर वाचत होते. ताई म्हणाली, एवढी वासांची केमिस्ट, पण घर पेटलं तरी हिला शेजाऱ्यांनी येऊन सांगायला हवं. मला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. हा कोरडा खोकला काही पिच्छा सोडत नाही.

सर्दी गेली पण वास परत आले नाहीत, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. वास घेऊन माल पास करणं हेच माझं काम. ते गेलं तर मी कोण, म्हणून सिंकपाशी उभी राहून रडले होते. तेव्हा खूण तूच सुचवलीस. अर्कात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरायची आणि तुझ्याकडे बघायचं. चष्मा कपाळावर असला तर माल ठीक, नाकावर असला तर परत. यंत्राची तपासणी तर होतेच, नाक येईपर्यंत निभावून नेऊ, असं म्हणाली होतीस. मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही, ते तुला सांगितलं होतं.

त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत साहेब होते, बाहेरचे खरेदीदार होते. लोण्याच्या अर्काची पट्टी म्हणून माझ्या हातात एक पट्टी आली. मी तुझ्याकडे बघितलं. तू चष्मा कपाळावर सरकवलास. मी ऐटीत सांगितलं, लोणी छान उतरलंय, शेवटी दुधाचा गोडवाही येतोय. मग साहेब हळूच म्हणाले, “बाई, पट्टी कोरी आहे.”

पट्ट्या तू तयार केल्या होत्यास, हे मागाहून कळलं. साहेबांना सरळ जाऊन सांगितलं असतंस, तर मी चार दिवस रडून गप्प बसले असते. चूक माझीच होती, नाक नसताना त्या खुर्चीत बसायला नको होतं. पण चष्मा का वर केलास गं? तेवढं एक मला अजून गिळता येत नाही. माझी खुर्ची तुला मिळाली याचंसुद्धा इतकं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात जिना चढताना धाप लागली, म्हणून ताईनं मला मोठ्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी कामाबद्दल खोदून खोदून विचारलं. लोण्याच्या अर्काच्या टाकीचं झाकण उघडून, आत वाकून आपण नमुना काढतो, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या वाफेनं माझ्या छातीतल्या बारीक नळ्या आखडून गेल्यात. नाकही बहुतेक त्यानंच गेलं, सर्दीनं नव्हे. जे गेलं ते परत येणार नाही म्हणाले. घरी येऊन मी ठरवलं, तुला कळवायचं नाही. मला ज्यानं गाठलं त्यानं तुलाही गाठू दे, असं अगदी मनापासून वाटलं. काल कंपनीचा ड्रायव्हर माझं उरलेलं सामान द्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या जागी आलेल्या त्या बाईंनाही हल्ली तुमच्यासारखाच कोरडा खोकला झालाय. झाकण उघडं असेल तर त्या टाकीजवळ पाऊलही टाकू नकोस. उद्याच छाती तपासून घे, साहेब रजा देवोत न देवोत. आणि उत्तर लिहू नकोस, मी तुला माफ केलेलं नाही.

तरीही तुझीच,
नाकाडी