धाकट्याचा डेस्कटॉप

२ मार्च

धाकट्याचा लॅपटॉप उघडला एकदाचा! त्याच्या ऑफिसातला मित्र आला होता — दाढीवाला. नाव सांगितलं त्याने, पण माझ्या डोक्यात राहिलं नाही. हल्ली काहीच राहत नाही. पेनड्राइव्ह लावून त्याने जुना पासवर्ड उडवला, नवा घातला, लॉगिनच्या पानावर पटापट दोन ठिकाणी क्लिक केलं आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "घ्या ताई. त्याचं सगळं जसंच्या तसं."

सगळं म्हणजे काय, तर काळा पडदा! खाली एक बारीक पट्टी, तीत घड्याळ. बटण नाही, फोल्डर नाही. माउस हलवला की बाण नुसता भटकतो.

आई चष्मा लावून शेजारी बसली होती. "फोटो कुठायत गं?" तिला तेवढंच हवंय. मी म्हटलं, शोधते. दाढीवाला घाईत होता, निघून गेला.

३ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे नेला. "हे लिनक्स आहे, मॅडम. विंडोज टाकून देतो, तासाभराचं काम. आतलं मात्र सगळं जाईल." आतल्यासाठीच तर आलेय मी! भांडून परत आले. रस्त्यात लक्षात आलं की छत्री त्याच्याच काउंटरवर राहिली. राहू दे.

५ मार्च

दाढीवाल्याला फोन केला. त्याने समजावलं — डेस्कटॉप म्हणजे सजवलेलं घर. मेनू, बटणं, सगळं मांडून ठेवलेलं. धाकट्याचा आहे तो विंडो मॅनेजर. नुसत्या चार भिंती. सगळं कीबोर्डवर, माउसला हातच लावायचा नाही.

"चार भिंतींना एखादं दार तरी असतं!" मी म्हटलं.

"आहे ना ताई. विंडोजची खूण असलेलं बटण धरायचं आणि एंटर." दाबलं. काळ्यावर आणखी एक काळी चौकट उघडली. झालं!

लिहूनच टाकते. शेवटचे नऊ दिवस आम्ही बोललो नव्हतो, आणि कारण हाच लॅपटॉप. आईला फोटो बघता येतील असं काहीतरी साधं टाक, म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते. त्या दिवशीही तो हसला. "ताई, ते बटणांचं दुकान मी माझ्या मशीनवर जन्मात ठेवणार नाही." मी तडकले. म्हटलं, तूही तुझ्या मशीनसारखाच झालायस — आत काय चाललंय कुणाला कळेल तर शपथ. त्यावर हसला नाही. उठून गेला.

मग अकरा फेब्रुवारीची पहाट. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. एकटाच होता. पोलीस म्हणाले, डुलकी लागली असणार. आई त्या एका डुलकीवर दिवस काढतेय. मीही.

९ मार्च

बटणांच्या जोड्या कागदावर लिहून कडेला चिकटवल्या आहेत. आता फाइल उघडता येते, बंद करता येते — बंद जास्तच पटकन होते! मी काम करते त्या औषधाच्या दुकानात, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरही माझी बोटं तसंच करायला लागली. एका आजोबांचं बिल दोनदा गायब केलं. सहकारी म्हणाली, "बरं नाहीये का तुला?"

लॅपटॉप दुकानात नेला होता, तिथे त्याची सेटिंगची फाइल सापडली. मध्ये मध्ये स्वतःलाच सूचना लिहून ठेवल्यात. "इथे हात लावू नकोस, दोन रविवार गेलेत यात." "हे का चालतं माहीत नाही. चालतंय ना, गप्प बस." खूप हसले. मग रडायला आलं. त्याचा आवाज असा अचानक, दुकानातल्या डब्याच्या सुट्टीत!

फोटो मात्र नेहमीच्या जागी नाहीत.

१४ मार्च

आज आईने स्वतः बसून पाहिलं. मी बटणं सांगत होते, पण तिची बोटं सुजलेली, दोन बटणं एकदम दाबवत नाहीत. चार वेळा चुकली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "तो होता तेव्हा तो कळत नव्हता मला. आता त्याचं यंत्रही कळत नाही."

पुरे झालं! दाढीवाल्याला सांगितलं, साधा डेस्कटॉप टाक. तो घुटमळला. "टाकतो, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. पण ताई, त्याला नसतं आवडलं." मला माहीत नाही का? ज्यावरून त्याच्याशी भांडले, तेच त्याच्यामागे करतेय.

१५ मार्च

काही नाही. आईला पाणीसुद्धा दोनदा विचारावं लागतं.

१६ मार्च

दाढीवाला आला. टाकायला घेतलं तर कॉम्प्युटर म्हणतो, डेस्कटॉप आधीपासून आहे! तो लॉगिनच्या पानावर परत गेला आणि कोपऱ्यातल्या चाकाच्या चित्रावर क्लिक केलं. यादीत दोन नावं — त्याचा विंडो मॅनेजर आणि एक डेस्कटॉप. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, चूक माझी. त्या दिवशी हा डेस्कटॉपच निवडलेला होता. मीच बदलला. मला वाटलं, चुकून राहिलंय. त्याने हे वापरणं शक्यच नव्हतं."

पंधरा दिवस काळ्या पडद्यापुढे बसवलं की रे आम्हाला!

उघडला. निळा पडदा, केवढाली अक्षरं, दोनच फोल्डर. "आई — फोटो". "ताई — कागद". आईने माउस धरला, एकदा दाबलं, आणि तो पाच वर्षांचा, नाकात पेन्सिल घातलेला, समोर! आई मोठ्याने हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

लबाड! आमच्यासाठी केव्हाच करून ठेवलं होतं आणि वर माझ्याशी भांडला! माझ्या फोल्डरमध्ये त्याच्या खोलीचा भाडेकरार, घरमालकाचा नंबर, आईचे डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं नावानिशी लावलेलं. हा इतका नीटनेटका कधी झाला?

दाढीवाल्याने थोडा वेळ लॅपटॉप मागून घेतला, काहीतरी वाचलं आणि चहा तसाच ठेवून गेला.

१७ मार्च

आई दिवसभर फोटो बघत होती. स्वतःहून जेवली. शेजारणीला बोलावून दाखवलं, "माझ्यासाठी करून ठेवलंय पोराने." मलाही गाढ झोप लागली. किती दिवसांनी!

१८ मार्च

दाढीवाला दुपारी काउंटरवर आला. रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला. म्हणाला, परवाच बघितलं, पण आईंसमोर बोलवेना. केव्हा काय टाकलं याची नोंद मशीन ठेवतं.

डेस्कटॉप टाकला दहा फेब्रुवारीला, संध्याकाळी सहा वाजता. फोटो रात्री दहापर्यंत लावत होता. सगळ्यात शेवटी अक्षरं मोठी केली.

त्याला डुलकी लागली नव्हती.