तांत्रिक साहाय्य: सदाशिव

३ फेब्रुवारी, सोमवार
अनसूयाच्या महिला मंडळाचा कार्यक्रम सोळा तारखेला. विषय, आपल्या शहरातले जुने वेशीचे दरवाजे. तीन वर्षं ही रोज सकाळी फिरायला जाते आणि एकेका दरवाजाचे, कमानीचे फोटो काढते. मी सोबत थर्मास धरतो. आता ते फोटो पडद्यावर लावून ती माहिती सांगणार. जन्मात पहिल्यांदा माइकसमोर. बाईला आतापासूनच जेवण जाईना.

म्हटलं, कॉम्प्युटरचं माझ्यावर सोड. मंडळाच्या अध्यक्षा विशाखाताईंना फोन करून सुचवलं की पत्रिकेत 'तांत्रिक साहाय्य: सदाशिव' असं छापा. त्या हो म्हणाल्या. पत्रिकेची प्रुफं मीच तपासली. सगळी नोकरी वर्तमानपत्रात प्रुफं तपासण्यात गेली, हे तर किरकोळ.

तिच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि फोनमधून पुसले. उगाच जागा अडते. फोनची कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही. ती म्हणाली, राहू दिले असते तर काय बिघडलं असतं. भित्री आहे.

५ फेब्रुवारी
फोटोवर डबल क्लिक केलं तर कॉम्प्युटरच मला विचारतो, कशात उघडू? यादी दाखवली. त्यातलं ओळखीचं एकच, नोटपॅड. ते निवडलं. पुढं विचारलं, नेहमी यातच उघडू का? हो म्हटलं. धरसोड आपल्या स्वभावात नाही.

फोटोच्या जागी अक्षरांचा चिवडा. चौकोन, प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं. दुसरा फोटो उघडला, तेच. सगळे तसेच.

निदान लगेच झालं. फॉन्ट उडालाय. ऑफिसात हे रोजचं होतं.

६ फेब्रुवारी
मुकुंदवाडीला जाऊन रामकिसनकडून फॉन्टची पेनड्राइव्ह आणली. आमच्या पेपरात टायपिंगला होता. त्यानं विचारलं, मजकूर कशाचा हाय? म्हटलं, दरवाजांचा. फोटो आहेत हे बोललो नाही. प्रत्येक गोष्ट फोडून सांगायची गरज नसते. तो म्हणाला, फॉन्ट टाकून बी नाय जमलं तर कचरा अक्षरं हातानं काढावी लागतेल, सर. लई वेळखाऊ काम हाय.

वेळेला काय, मी रिटायर आहे.

८ फेब्रुवारी
सगळे फॉन्ट टाकले. चिवडा जसाच्या तसा.

अनसूया म्हणाली, वैदेहीला विचारा की. वैदेही म्हणजे आमची मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. अजिबात नाही. जिला मी माउस धरायला शिकवला तिला आता मी विचारू?

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार
हातानं साफसफाई सुरू. 'निवडक' या फोल्डरपासून सुरुवात केली, कारण त्यात अनसूयानं स्वतः वेचून काढलेले चांगले फोटो आहेत. महत्त्वाचं काम आधी. कचरा अक्षरं निवडायची, उडवायची, सेव्ह करायचं. प्रुफं तपासणाऱ्याचा हात आहे, झरझर चालतो. एका फाइलीत शेवटी फक्त तिच्या फोनच्या कंपनीचं नाव उरलं. ते शुद्ध होतं, म्हणून ठेवलं.

फोटो अजून दिसत नाहीत. पण फायली कशा स्वच्छ झाल्या आहेत.

११ फेब्रुवारी
अनसूया स्वयंपाकघरात तालीम करते. भाजी परतताना दरवाजांची माहिती म्हणते. आज म्हणाली, फोटो एकदा क्रमानं दाखवा ना. म्हटलं, काम तांत्रिक टप्प्यावर आहे.

शेवट ती त्या छोट्या कमानीवर करणार आहे. भाजीबाजारामागच्या बोळातली, नाव नसलेली कमान. गेल्या पावसाळ्यात पडली. मलबाही उचलून नेला. हिच्या माहितीत तिचा दुसरा फोटो कुणाकडं नाही. म्हणाली, खरं तर तेवढ्या एका फोटोसाठीच मी उभं राहायला तयार झाले.

तो फोटो 'निवडक'मध्येच होता. मी पहिला तोच साफ केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
गच्चीवर जाऊन वैदेहीला फोन लावला. सहज म्हणून. तिनं सांगितलं, राइट क्लिक करा, 'ओपन विथ', मग 'फोटोज', मग 'ऑलवेज'. फोन कानाला धरूनच खाली येऊन केलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत सगळे फोटो उघडायला लागले. मी तिला म्हटलंसुद्धा, मला हेच करायचं होतं.

मग 'निवडक' उघडलं. त्यातला एकही उघडेना.

वैदेहीनं विचारलं, यात काही बदल केलेत का? म्हटलं, साफसफाई केली. कचरा अक्षरं काढली.

"बाबा, ती अक्षरं म्हणजेच फोटो होता."



१५ फेब्रुवारी
अनसूयाला खरं सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो आणि व्हायरस आला असं सांगितलं. तोंडातून तेच आलं. तिनं पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि विचारलं, कमानीचासुद्धा? म्हटलं, हो. मग म्हणाली, नको म्हणून बाजूला काढलेले फोटो आहेत ना, ते लावू.

बाजूला काढलेले का, तर त्या सगळ्यांत मी मधे आलोय. थर्मास घेऊन.

लाज वाटते. इथं तरी लिहितो. व्हायरस कुठला, मीच.

१६ फेब्रुवारी, रविवार, कार्यक्रमाहून आल्यावर
हॉल गच्च भरला होता. पडद्यावर एकामागून एक दरवाजे आणि प्रत्येक दरवाजासमोर मी. एकात तोंड पुसतोय, एकात पाठमोरा, एकात चहा ओततोय आणि मागं अर्धा बुरूज. बायका आधी खुदखुदल्या. मग अनसूया बोलायला लागली आणि माझ्याकडं बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. इतकं सुंदर बोलते हे मला माहीत नव्हतं. थर्मास धरला, ऐकलं कधी नाही.

शेवटी पडदा काळा. ती म्हणाली, "या कमानीचा फोटो आता नाही. डोळे मिटा, मी सांगते." सगळ्यांनी मिटले. मी उघडेच ठेवले.

त्यानंतर आभार. विशाखाताईंनी पत्रिका वाचून माझं नाव पुकारलं. तांत्रिक साहाय्याबद्दल सत्कार. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. माइक हातात दिला. मी म्हटलं, यात माझं काही नाही. टाळ्या. म्हटलं, खरंच सांगतो, फोटो माझ्यामुळं गेले. सगळे हसले. विशाखाताई म्हणाल्या, बघा, किती विनम्र माणूस. आणखी टाळ्या.

शाल सौभाग्यवतींनीच घालावी असा आग्रह झाला. अनसूयानं घातली, खांद्यावर नीट बसवली, नारळ हातात दिला. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "वैदेहीनं मला शुक्रवारीच सांगितलं होतं. म्हटलं, बघू, तुम्ही सांगता का."

खाली फोटोग्राफर म्हणत होता, काका, जरा हसा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ती उठवेल म्हणून पडून राहिलो. दार लोटल्याचा आवाज आला. उठून पाहिलं, तर फोन घेऊन फिरायला एकटीच गेली होती. थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता.