दादाची अर्धी वाटी

मंगळवार, संध्याकाळ

दादाने आज अर्धी वाटी वरणभात खाल्ला. वहिनीने दौलतगंजच्या त्यांच्या घरून फोन करून सांगितलं. कॅन्सरच्या दुखण्यामुळे आठवडाभर त्याच्या पोटात धड काही नव्हतं. आम्ही आपले ‘दोन घास तरी’ म्हणत वाटी पुढे करत राहिलो. डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मात्र उशीखालीच. ‘लत लग जाएगी,’ हे त्याचं पालुपद.

काल माझी लेक मुक्ता त्याच्याकडे गेली. मॉर्फिनसारखी अफूपासूनची औषधं, वेदना आणि भूक यांवर तिची पीएचडी, सगळे प्रयोग उंदरांवर.

‘काका, आधी दुखणं थांबवा. दुखत असलं की उंदीरसुद्धा खात नाहीत.’

‘पाच वर्षं उंदरांना जेवू घातलंस, आता माझी बारी का?’ तो म्हणाला. पण गोळी घेतली.

कंपनीची नोकरी सोडून ती इस्पितळात रुग्णांच्या घरच्यांना ही औषधं समजावायचं काम घेतेय. ऐकल्यावर मी म्हणालो होतो, एवढं शिकून हेच? का म्हणालो? तिने समजावलं म्हणूनच तर ती अर्धी वाटी दादाच्या पोटात गेली.

सोमवारी ती रुजू होईल. त्याआधी तिला सांगायला हवं, माझं चुकलं. उद्या सकाळी गोळी घेतल्यावर दादाला पोहे हवेत, लिंबू जास्त पिळून.