पिवळ्या बुचाची नळी

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, ठकीच्या दोन्ही गालांवर पाप्या. मी खुशाल आहे, आणि हे पत्रात लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. खरंच खुशाल आहे.

शिलाई मशीनचा पट्टा बदलून घेतला. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने पडदे शिवायला दिलेत. त्या माणसाला स्वतःच्या खिडक्या मोजता येत नाहीत, दर भेटीत एक नवीन आठवते. भावजींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, आधी ती खुर्ची बदला.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील, हिचं पाल्हाळ सुरू झालं. हे गेले आणि मी अंथरूण धरलं, तेव्हा तू ठकीला तुझ्याकडे नेलंस. बरं केलंस, पोरीची आबाळ झाली असती. ठरलं असं, की माझ्या रक्तात उदासीवरच्या गोळीचं प्रमाण नीट आलं की ठकी घरी येणार. या गोळ्या रक्तात कमी पडल्या तर उपयोग नाही, जास्त झाल्या तर हृदयाला धोका, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. पहिला रिपोर्ट चांगला आला. असाच आणखी एक आला की झालं, असं तूच म्हणालीस. मी उठले, आंघोळीचा कंटाळा गेला, मशीनवर बसले, गिऱ्हाइकांशी भांडायलाही लागले. आणि दुसऱ्या रिपोर्टात प्रमाण निम्म्यावर आलं.

तेव्हा तू फोनवर काय काय बोललीस ते उगाळत नाही. शेवटी म्हणालीस, "गोळ्या फेकतेस ना? एकदा कबूल कर, ठकीला लगेच आणून सोडते." मी म्हटलं, "हो, बेसिनमध्ये टाकते."

ताई, मी एकही गोळी टाकली नव्हती.

लेकरू घरी यावं म्हणून खोटं बोलले. तू ते खरं मानलंस, डॉक्टरांना कळवलंस, मला वॉर्डात भरती केलंस, आणि ठकी राहिली तिथेच. वॉर्डातून तुला फोन केला नाही तो रागाने. तुझा राग होताच, पण स्वतःचा जास्त होता. पुढे पुढे तर मला माझीच खात्री वाटेना. गोळी गिळायची आणि आरशापुढे जाऊन जिभेखाली बघायचं, गेली का म्हणून.

वॉर्डात एक धिप्पाड नर्स आहे. सगळे तिला फौजदारीण म्हणतात, तेही तोंडावर. ती गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "आ कर. जीभ वर. आता गाल दाखव." आपल्या आईनेसुद्धा माझं तोंड इतकं तपासलं नसेल. तिच्या पहाऱ्यात आठवडाभर गोळ्या घेतल्या, मग रक्त दिलं. रिपोर्ट पुन्हा तसाच. मला रडू कोसळलं. डॉक्टर तिला म्हणाले, "सिस्टर, गोळी नीट दिली होती ना?"

झालं, तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या हाताने दिली, माझ्या डोळ्यांदेखत गिळली. ही खोटी तर मीही खोटी. चला, सोक्षमोक्षच लावू." तिने माझं मनगट धरलं आणि तरातरा जिना उतरून मला लॅबमध्ये नेलं. डॉक्टर मागून.

लॅबच्या बाई शांत. सगळं भांडण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रक्त कुठल्या नळीत घेतलं?"

"पिवळ्या बुचाच्या. नवीन आल्यात त्या," फौजदारीण म्हणाली.

त्या नळीत तळाशी जेलचा थर असतो, रक्तातला दाट भाग आणि वरचं पाणी वेगळं करायला सोयीचा. पहिल्या वेळी माझं रक्त जुन्या, साध्या नळीत घेतलं होतं, नंतर दोन्ही वेळा या नव्या नळीत. बाई म्हणाल्या, "काही औषधं या जेलमध्ये मुरतात, खडूत शाई मुरते तशी. नळी जितका वेळ उभी, तितकं जास्त. पण अंदाजाने बोलायला नको, करून बघू."

गोळी न घेणाऱ्या माणसाचं रक्त हवं म्हटल्यावर फौजदारणीने बाही वर केली. तिच्या रक्तात बाईंनी मापून तेच औषध मिसळलं, अर्धं साध्या नळीत ओतलं, अर्धं जेलच्या. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घ्यायच्या आधी माझंही रक्त दोन्ही नळ्यांत घेतलं. साध्या नळीत औषध टाकलं होतं तेवढंच भरलं, जेलच्या नळीत कितीतरी कमी. माझंही तसंच. साध्या नळीत प्रमाण अगदी हवं तिथे.

"यांनी गोळी गिळली होती," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "ती खाल्ली आपल्या नळीने."

डॉक्टर उभे राहिले. "डोस वाढवायचा म्हणून मी लिहूनही ठेवलं होतं," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मी नळीवर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही. माझं चुकलं." फौजदारीण मान ताठ करून वॉर्डभर फिरली आणि प्रत्येक खाटेशी थांबून सगळी हकिगत सांगत गेली. शेवटच्या खाटेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी जिंकले, ताई. इतकी हसले की पोट दुखलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. मी ते खोटं कबूल केलं, त्यानंतर तू फोन ठकीच्या हातात दिला होतास. ती म्हणाली, "आई, तू गोळ्या टाकतेस म्हणजे मी तुला नको आहे का?" मी फोन ठेवला.

तर तिला आता तू सांग, तुझ्या तोंडून, की आईने एकही गोळी टाकली नव्हती. आजच सांग. तुला माफ केलं का हे विचारू नकोस. अर्धं केलंय, उरलेलं समोरासमोर भांडून करू.

रविवारी पहिल्या गाडीने येते. घरी सोडताना डॉक्टरांनी सही करून दिलेला रिपोर्ट माझ्याकडे आहे, पण तो आणणार नाही. माझ्या शब्दावर माझी मुलगी माझ्या हाती दे.

तुझी धाकटी,
ठकीची आई