पाखरांची वाटी

प्रिय सौ.स,

सप्रेम आठवण. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नकोस. ताप उतरला आहे, फक्त बोटं अजून मिटत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, डेंग्यू आणि चिकनगुनिया, दोन्ही एकदम झालेत तुम्हाला." मी म्हटलं, "बरं झालं, एकेकट्याला करमलं नसतं." त्या हसल्या नाहीत.

इथे थोरला आणि सूनबाई सकाळी कामाला जातात, ते दिवेलागणीलाच येतात. मायेने करतात हो दोघं. पण दिवसभर बोलायला कोणी नसतं, म्हणून खिडकीत पाखरांसाठी पाण्याची वाटी ठेवली होती. शाळेतल्या कविता म्हणत बसायचो. एक चिमणी ऐकायलाही यायची. तापात ती आपली नदीची कविता आठवली, पण शेवटचं कडवं काही केल्या सापडेना. तुला येतं का गं?

काल फवारणीवाला आला. वाटीत डोकावून म्हणाला, "आजोबा, पाखरं कसली, डास पाळलेत तुम्ही." आत अळ्या वळवळत होत्या. पाणी मी कधी बदललंच नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचो.

तीच सवय मी तिकडे घरी तुलाही लावून आलो आहे. पत्र वाचताच आपली वाटी रिकामी कर, कडा घासून काढ आणि पालथी घाल. मला इथे संध्याकाळी तरी कोणी उशाशी पाणी ठेवतं. तिकडे तुला एकटीला कोण देईल?

गुडघा कसा आहे? उत्तर लगेच लिही. आधी वाटीचं, मग कडवं.

तुझाच,
'अहो'