आई कारंज्यापाशी नाचली

सव्हाना, रविवार

प्रिय एझ्रादादा,

आम्ही सुखरूप पोचलो. प्रवासात आईची कंबर थोडी दुखली, पण आता बरी आहे. तुझी शुगर कशी आहे? वहिनी गोळ्या वेळेवर देते ना?

बाबा गेल्यापासून आईने चाकांची खुर्ची सोडलेली नाही, की आपल्या खोलीच्या खिडक्या उघडू दिलेल्या नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. काल फोर्सिथ बागेत कारंज्यापाशी कुणाचं तरी लग्न चाललं होतं. आम्ही ओकच्या सावलीत बघत थांबलो. तेवढ्यात नवरदेवाचे आजोबा आले आणि आईपुढे वाकून म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर नाचणार का?"

मी म्हटलं, "तिला उभं राहवत नाही हो."

"तुला कुणी विचारलं, लव्हिनिया?" आई कडाडली. "हात दे मला!"

दादा, ती उठली! त्यांच्या खांद्याला धरून चार पावलं नाचली, त्यांच्या पायावर पाय दिला आणि खदखदून हसली. मी मात्र रडत होते. नंतर तिचा घोटा जरा सुजला, पण शेकल्यावर सूज उतरली.

आता ती म्हणते, आणखी आठवडाभर इथेच राहायचं. तिच्या डॉक्टरांची वेळ तूच पुढे ढकल.

तिचा निरोप आहे: "एझ्राला म्हणावं, माझ्या खोलीच्या खिडक्या उघडून ठेव."

मुलांना गोड पापा.

तुझीच,
लव्हिनिया