पिशवीतली बार्ली

आई,

आज शुक्रवार आहे, जेवणं झाली आहेत, तुझी सून आत पडली आहे, आणि मी हुफूफमधल्या आमच्या भाड्याच्या घरात टेबलाशी बसून तुला एक गोष्ट सांगायचं धाडस करतो आहे. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. बढती मिळाली, गुडघा गेला, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. त्यातलं काही तुला लिहावंसं वाटलं नाही. लिहायला बसलो तो कबुलीजबाब द्यायला. सरळच सांगतो. मी घरी बिअर करायला घेतली होती. तीही सौदी अरेबियात, जिथे या उद्योगापायी नोकरी, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि अब्रू एकाच दुपारी जाऊ शकतात.

हे मी कुणाला सांगतो आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. इगतपुरीतला तो बिअर बार बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा तू सकाळी सातला रांगेत पहिली उभी होतीस. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आठ दिवस तू दारोदार फिरून प्रत्येकीला आडवा हात करून दाखवत होतीस, इतका की भाजीवालीने भाव विचारला तरी तुझा हात आडवाच व्हायचा. मामा अडतिसाव्या वर्षी दारूने गेला, त्यानंतर या विषयावर तुझ्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मित्रांबरोबर एक बाटली पिऊन घरी आलो होतो. वास जावा म्हणून मूठभर बडीशेप चावली होती. तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "कुठल्या हॉटेलात जेवलास रे, की नुसती बडीशेपच वाढली?" बस, एवढंच. मग मला स्वयंपाकघरात बसवून पाट्यावर मोड आलेली नाचणी वाटायला लावलीस. खांदे भरून आले. तू शेजारी बसून ती फडक्यातून गाळत होतीस, सत्त्व खाली बसू देत होतीस. तुझ्या हातचं ते सत्त्व गावातल्या अर्ध्या बाळंतिणींच्या घरी जायचं.

आता इथलं. आमच्या गॅस प्लँटवर एक इंग्रज होता, साठीचा, लाल नाकाचा. तो सुट्टीवरून येताना काकवीसारख्या दाट सिरपचे डबे आणायचा. डब्यावर लिहिलेलं असायचं की हे ब्रेड भाजायला लागतं. डबा फोडायचा, पाण्यात कालवायचा, साखर आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचं, की तीन आठवड्यांनी बिअर तयार. मी आणि माझा एक पुणेकर सहकारी त्याचे शिष्य झालो. ती बिअर चवीला गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी लागायची, पण शुक्रवारी दुपारी तिघांनी पडदे ओढून ती पिण्यात एक मजा होती. तू विचारशील, इतकी काय तहान लागली होती? तहान नव्हती गं. दिवसभर मी स्क्रीनवर आकडे बघतो, माझ्या हातांनी काही म्हणजे काही तयार होत नाही. तो डबा कालवताना पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी केलं.

मग इंग्रज फायनल एक्झिट घेऊन कायमचा मायदेशी गेला. जाताना त्याने आम्हाला एक भलंमोठं पातेलं दिलं, एक थर्मामीटर आणि चहाच्या डब्यात भरलेल्या हिरव्या गोळ्या. त्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणणाऱ्या फुलांच्या. शेवटचा उपदेश असा केला, "डबा हे पोराटोरांचं काम. खरा माणूस धान्यापासून सुरुवात करतो." आणि एका कागदावर चित्र काढून दाखवलं: पातेल्यात गरम पाणी, पाण्यात मोठी कापडी पिशवी, पिशवीत भरडलेली, मोड आणून वाळवलेली बार्ली. तासभर ठेवायचं, पिशवी उचलायची, निथळू द्यायची. पुणेकर त्या कागदाकडे गणपतीसमोर उभं राहिल्यासारखा बघत होता. मला मात्र हसू येत होतं. मोड आणा, वाळवा, दळा, फडक्यात घाला, निथळा. आई, हे तर तुझं नाचणीचं सत्त्व होतं! साठ वर्षांचा गोरा माणूस मला ते गुपित म्हणून सांगत होता.

बार्ली मिळते ती जनावरांच्या खाद्याच्या बाजारात. मला अरबी तोडकंमोडकं येतं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या चाचांना बरोबर नेलं. चाचा रत्नागिरीकडचे, तीस वर्षं इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात, पाच वेळा नमाज पढतात. गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "हे बघा, कशाला हवी ते मला सांगू नका. मला उद्या वर जाऊन जाब द्यायचा आहे. तुम्ही बार्ली बघायची, मी बार्ली बघायची, खलास." दुकानदाराने पोत्यावर हात ठेवून विचारलं, बकऱ्या किती? मी म्हटलं, दोन. तो पोत्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायला लागला. पोतं पन्नास किलोचं होतं. "चार," मी म्हटलं. त्याने आणखी काहीतरी विचारलं. चाचा खाली बघत मला म्हणाले, "गाभण आहेत का विचारतोय. हो म्हणा, सुटका होईल." मी हो म्हटलं. त्या भल्या माणसाने बकऱ्यांसाठी दुवा मागितली आणि मिठाचा एक खडा फुकट दिला.

पुढचे आठ दिवस घरात बाळंतपण चालल्यासारखं होतं. बार्ली भिजवली, पाहुण्यांच्या खोलीत एसी अठरावर लावून ओल्या टॉवेलांवर पसरली. दर काही तासांनी हाताने परतायची. चौथ्या दिवशी पांढरे मोड दिसले तेव्हा मी एकट्यानेच टाळी वाजवली. तुझी सून दारात उभी होती. "माझ्या दोन्ही बाळंतपणांत इतक्या फेऱ्या मारल्या नव्हत्या तुम्ही," ती म्हणाली. आणि मग खरं बोलली, "आई असत्या तर हे केलं असतंत?" मी बार्ली परतायला लागलो. तेव्हापासून ती माझ्याशी पुणेकरामार्फत बोलत होती. मी बुधवार-गुरुवार पाठ धरल्याचं सांगून रजा टाकली आणि गच्चीवरच्या उन्हात बार्ली वाळवली. मग तू दिलेल्या मिक्सरमध्ये ती भरडली. पहिल्यांदा इकडे येताना तो मिक्सर तू माझ्या बॅगेत कोंबला होतास आणि त्यासाठी माझे बूट बाहेर काढले होतेस. पिशवी मी स्वतः शिवली, जाळीच्या नव्या पडद्याची, दुहेरी शिवण घालून.

शुक्रवार उजाडला. जुम्म्याची नमाज झाली, रस्ते सामसूम झाले, आणि आम्ही पातेलं चढवलं. पुणेकराने लॅपटॉपवर तक्ता केला होता, दर पाच मिनिटांनी तो तापमान वाचून दाखवत होता. "पासष्ट! सहासष्ट! बंद कर, बंद कर!" सारं घर गोड, भाजक्या वासाने भरून गेलं. तासाभराने दोघांनी मिळून पिशवी उचलली, वरच्या कपाटाच्या कडीला टांगली, खाली पातेल्यात मधासारखं पाणी ठिबकायला लागलं. पुणेकराने हॉप्सचा डबा उघडला. आता उकळायचं आणि त्या गोळ्या टाकायच्या, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

मी फटीतून बघितलं. दारात आमचा सेक्शन हेड. इथलाच माणूस, घरची खजुराची बाग असलेला, पांढऱ्या शुभ्र पायघोळ थोबमध्ये, हातात खोका. मी दार उघडलं. तो गंभीर चेहऱ्याने एकच शब्द बोलला, "खलास."

आई, मी 'संपलं' असंच ऐकलं. मनात नोकरी गेली, इकामा रद्द झाला, विमानतळापर्यंत पोचलो मी. मग त्याने खोका पुढे केला. खलास हे इथल्या खजुराचं नाव आहे. या हंगामातला पहिला खजूर तो मला, पाठीच्या पेशंटला, भेट द्यायला आला होता.

मला आठवण झाली की पाठ दुखते आहे. मी वाकलो. मागे न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला. पुणेकर हॉप्स आणि लॅपटॉप घेऊन आत गेला होता. साहेब बसले, हवापाणी झालं, पण त्यांचं नाक काम करत होतं. "शईर?" ते म्हणाले. शईर म्हणजे बार्ली. आमच्या हॉलमधून स्वयंपाकघर सरळ दिसतं. पिशवी टांगलेली होती. टप, टप, टप.

मी पाठ धरून मध्ये उभा राहिलो. तेव्हा चार दिवस माझ्याशी अबोला धरलेली तुझी सून डोक्यावरून ओढणी घेऊन पुढे आली आणि तिच्या शाळेच्या इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "हे माझ्या सासूबाईंचं औषध आहे. अशक्तपणावर. पाठीलाही चालतं." आणि सरळ पातेल्यातून पेलाभर काढून, थोडं दूध घालून त्यांच्यापुढे ठेवलं. तुझ्यासारखी बाई तुझ्याच नावावर माझ्यासाठी खोटं बोलली, आणि गंमत अशी की त्या घटकेला त्यात खोटं काहीच नव्हतं. यीस्ट पडलं नव्हतं, हॉप्स न्हाणीघरात होते. पेल्यात नुसतं बार्लीचं गोड सत्त्व होतं.

साहेबांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. "तल्बीना," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्याकडे बार्ली आणि दुधाची तशी पेज करतात, आजाऱ्याला देतात, घरात कुणी गेलं तर दुःखावर देतात. "पण हे वेगळं आहे. हलकं आहे." मग पेल्याकडे बघत त्यांनी सांगितलं की त्यांची आई दवाखान्यातून घरी आल्यापासून काही खात नाही. महिना झाला. चमचा तोंडाशी नेला की तोंड फिरवते. "मी थोडं नेलं तर चालेल?"

प्लँटवर ज्याच्या एका शब्दाने चारशे माणसं हलतात तो माणूस माझ्या हॉलमध्ये बसून हे विचारत होता. तुझी सून उठली. तिने थर्मास भरला, मग दुसरा, मग बाटल्या, मग कुकर. पातेल्याचा तळ दिसला. निघता निघता त्यांनी पिशवीतल्या चोथ्याचंही विचारलं, त्यांच्या बागेत बकऱ्या आहेत म्हणे. तोही दिला. गाडी गेल्यावर न्हाणीघराचं दार उघडलं. पुणेकर घामाने भिजला होता. त्याने रिकाम्या पातेल्यात बघितलं. "किती घेऊन गेला?" "सगळं." तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आठ दिवस. बिअर सोडून सगळं केलं आपण."

रविवारी ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या आईने वाटीभर घेतलं होतं. संध्याकाळी परत मागितलं होतं. पुढे काय झालं ते तुला कळलंच असेल. दर आठवड्याला आमच्याकडे बार्ली मोड यायला पडते, गुरुवारी दळतो, शुक्रवारी साहेबांचा ड्रायव्हर थर्मास न्यायला येतो. चाचांना खरं सांगायला घेतलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "आता मला सांगा ना काय ते! आता सांगण्यासारखं झालंय!" पाठ दुखायचं नाटक मात्र मला दोन महिने चालवावं लागलं.

साहेबांच्या म्हाताऱ्या आईने एकदा औषध करणाऱ्या बाईला बोलावलं. तुझी सून त्यांच्या बागेतल्या घरी गेली, बायकांच्या खोलीत तिच्या गादीशी बसली. म्हातारीने नातीकडून विचारवलं, सासू कुठे असते? ही म्हणाली, नाही आता. तेव्हा त्या बाईने डोळे मिटून, दोन्ही तळवे वर करून तुझ्यासाठी दुवा मागितली. बराच वेळ मागत होती, ही सांगते. नात मधूनमधून इंग्रजीत सांगत होती: तुझ्या सासूला सावली मिळो, थंड पाणी मिळो, तिचे हात कधी रिकामे न राहोत. हे मला सांगताना ही रडली, आणि मी उठून भांडी घासायला लागलो.

इथे थांबलो असतो तर पत्र चांगलं झालं असतं. पण सुरुवातीलाच कबुलीजबाब म्हटलं, तेव्हा पुरता द्यायला हवा. मागच्या महिन्यात थर्मास भरून झाल्यावर तळाशी पाच लिटर उरलं होतं. पुणेकराने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ते आम्ही उकळलं, त्याच्या घरी नेलं, पुढचं सगळं केलं. तीन आठवड्यांनी उघडलं. मी दोन पेले प्यायलो. चांगली झाली होती, आई. खरंच फार चांगली झाली होती.

पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि घरात ठेवायचीही सोय नाही, कारण तुझी सून सगळे खण आवरते आणि तिला हे शेवटचं अजून ठाऊक नाही. आत तिच्या बांगड्या वाजल्या, उठली वाटतं. फाडतो.